बारीक मानेचे बोल्ट

एकदा एका म्हाताऱ्या मिस्त्रीने आपल्याच शिष्याने केलेलं पक्कं काम ऐन बाजारच्या दिवशी, लोकांच्या देखत कापून काढलं आणि त्या जागी कच्चं काम बसवलं. चुकून नव्हे, समजून-उमजून. एका व्याख्यानात मी एवढं सांगितलं आणि पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, म्हातारा चळला असेल." मी म्हटलं, "अहो, थोडा धीर धरा. गोष्ट संपायच्या आत निकाल लावायची आपल्याला भारी घाई." गृहस्थ रागावले, पण उठून गेले नाहीत. शेवटी निघताना हात जोडून गेले. तेव्हा तुम्हीही जरा दमाने घ्या.

त्या मिस्त्रीला सगळे केरूतात्या म्हणत. काम रस्त्याच्या सुरक्षेचं. घाटात दरीच्या कडेला लोखंडी कठडा असतो, वळणावर बाणांच्या पाट्या असतात, समोरची गाडी दिसावी म्हणून फुगीर आरसे असतात. आपण त्यांच्याकडे बघून, बहुतेक वेळा न बघताच, पुढे जातो. पण ते सगळं कुणीतरी जमिनीत रोवलेलं असतं. आधी खड्डा, खड्ड्यात काँक्रीट, काँक्रीटमध्ये उभे रोवलेले चार बोल्ट, आणि त्या बोल्टांवर नटांनी आवळलेली खांबाच्या बुडाची जाड प्लेट. मिरवतो तो वरचा खांब. त्याला धरून ठेवतात ते खालचे चार बोल्ट. तात्यांनी पंचेचाळीस वर्षं हे बोल्ट रोवले. चार तालुक्यांत त्यांच्या कामाला नाव होतं. ठेकेदार म्हणायचे, तात्यांनी रोवलेलं उपटायला दुसरे तात्याच आणावे लागतील.

त्यांचा शिष्य सुयोग. डिप्लोमा झालेला, अंगापिंडाने दणकट, आणि तात्यांवर त्याचा असा जीव की त्यांना कुणी अरे केलं तर हा आधी कारे करणार. चार वर्षं तो त्यांच्या हाताखाली होता. पहिल्याच वर्षी घडलेला एक प्रसंग सांगतो, म्हणजे तात्यांचा स्वभाव कळेल. दरीकडच्या कठड्याचे चाळीस खांब सुयोगने बसवले. तात्या तपासत तपासत गेले आणि एका बोल्टाशी थांबले. नट दोन आटे कमी फिरला होता. त्यांनी चाळीसच्या चाळीस खांबांचे नट उघडून पुन्हा आवळायला लावले. उन्हाने सुयोगची सालटी निघाली होती. तो काकुळतीला येऊन म्हणाला, "तात्या, एकाच नटाचं तर होतं!"

तात्या म्हणाले, "खाली एसटी गेली, तर आतल्या माणसांना हेच सांगशील? एकाच नटाचं होतं म्हणून?"

सुयोगने त्या दिवशी कानाला खडा लावला. पक्कं ते चांगलं आणि कच्चं ते वाईट, अशी सरळसोट व्याख्या त्याच्या मनात बसली. खरं म्हणजे तो अर्धाच धडा होता. उरलेला अर्धा तात्यांनी त्याला शिकवलाच नव्हता. का, ते पुढे येईल.

कारवंडी नावाचं एक गाव घाटाच्या पायथ्याशी आहे. घाट उतरून आलं की गावाच्या अलीकडे, बाजारतळापासून दोन-तीनशे पावलांवर, शेवटचं वळण लागतं. इथे दरी नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला सपाट रान आहे, ज्वारीचं. त्या वळणावर उंच खांबाची एक भलीमोठी पाटी उभी राहिली होती. ही पाटी लागावी म्हणून गावातले भुसार मालाचे व्यापारी मुरलीशेठ सहा वर्षं अर्जांवर अर्ज करत होते. माणूस मनाने मऊ, पण आवाज असा की गावात मयत असो की बारसं, पहिला आवाज त्यांचाच ऐकू यायचा. पाटी लागली तेव्हा त्यांनी स्वखर्चाने पेढे वाटले होते.

त्या खांबाखाली एक वेगळी गोष्ट होती. काँक्रीटमधले चार बोल्ट नेहमीसारखेच भक्कम. पण त्यांच्या आणि खांबाच्या प्लेटच्या मध्ये आणखी चार छोटे बोल्ट जोडलेले होते, आणि त्यांची मान मुद्दाम बारीक केलेली होती, डमरू जसा मध्ये आवळलेला असतो तशी. ते बसवताना सुयोगने विचारलं होतं, "तात्या, ही मान अशी बारीक कशाला?"

"असते तशी. बसव तू," एवढं बोलून तात्या पाणी प्यायला निघून गेले होते. सुयोगला वाटलं, कंपनीवाल्यांनी लोखंड वाचवलं असणार, आणि म्हाताऱ्याला ते बोलायचं नसेल.

आठ महिने गेले. मग एका सकाळी लोक उठून बघतात तो खांब ज्वारीत आडवा! चारही बोल्ट मानेशी काडकन मोडलेले. कुणाची तरी गाडी धडकली होती; चाकांच्या खुणा रानात पंधरा-वीस पावलं गेल्या होत्या आणि वळून पुन्हा रस्त्यावर आल्या होत्या. गाडीवाला पसार. नेमके त्याच आठवड्यात तात्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. पुढे काही दिवस धुळीत जायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. म्हणून खांब उभा करायला सुयोग एकटा आला.

आला तो मुरलीशेठच्या तावडीतच सापडला. शेठनी मोडक्या बोल्टाचा एक तुकडा खिशात टाकला होता आणि तो बाजारभर दाखवत फिरत होते. "हे बघा! हे लोखंड म्हणायचं की चणे-फुटाणे? एका धक्क्यात मुळ्यासारखा उपटून आला! सहा वर्षं चपला झिजवल्या मी या पाटीसाठी!" शेठचं त्या दिवसांत डोकं तसंही तापलेलं होतं. त्यांच्या पिकअप गाडीला बाहेरगावी कुठल्याशा म्हशीने धडक देऊन पुढचा बंपर आत घातला होता, असं त्यांच्या मुलाने घरी येऊन सांगितलं होतं, आणि शेठ त्या न पाहिलेल्या म्हशीच्या मालकाचा रोज उद्धार करत होते. त्यात हा खांब. सुयोगला बघून ते म्हणाले, "तुझ्या तात्यांना म्हणावं, डोळ्यांना दिसत नव्हतं तर कामं घ्यायची कशाला?"

लोक हसले. सुयोगच्या जिव्हारी लागलं ते. त्याला स्वतःला कुणी काही म्हटलं असतं तर त्याने गिळलं असतं. पण दवाखान्यात डोळ्यावर पट्टी बांधून पडलेल्या म्हाताऱ्याला हे लोक हसतात? पंचेचाळीस वर्षांच्या कीर्तीची ही किंमत? त्याच्यासोबत पेटीत बारीक मानेचे नवे चार बोल्ट आले होते. त्याने पेटी उघडली, ते पाहिले आणि पेटी परत बंद करून गाडीत टाकली. खांबाची प्लेट त्याने सरळ काँक्रीटमधल्या भक्कम बोल्टांवर टेकवली, प्रत्येक बोल्टावर नट करकचून आवळला, आणि वरून चारही नटांना वेल्डिंग मारलं. दोन गड्यांनी लोंबकळून पाहिलं. खांब तसूभर हलला नाही. मुरलीशेठ स्वतः येऊन खांबाला खांदा लावून गेले. "आता कसं!" ते म्हणाले. "ही पाटी माझ्या नातवाच्या लग्नापर्यंत उभी राहते बघ. शाब्बास रे पठ्ठ्या!" सुयोगला त्या शाबासकीने धन्य वाटलं. गुरूचं गेलेलं नाव आपण परत आणलं, याचं समाधान घेऊन तो घरी गेला.

अकरा दिवसांनी तात्या आले, काळा चष्मा लावून. सुयोग त्यांना आधी खांबाकडेच घेऊन गेला. आता शाबासकी मिळणार, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं. तात्या उकिडवे बसले. चष्मा वर करून त्यांनी बुडाशी पाहिलं, वेल्डिंगवरून बोट फिरवलं.

"कधी केलंस?"

"अकरा दिवस झाले, तात्या."

"या अकरा दिवसांत कुणी धडकलं इथं?"

"नाही. आणि धडकू दे की! आता रणगाडा आला तरी हलायचा नाही."

तात्या गुडघ्यावर हात टेकून उठले. "ग्राइंडर आहे गाडीत?"

"आहे. का?"

"काढ. आधी दोन्ही बाजूंना शंकू लाव, गाड्या हळू कर. गड्यांना सांग खांबाला दोर बांधून धरायला."

"आत्ता? तात्या, तुमचे डोळे, ही धूळ... आणि जेवणाची वेळ झालीय."

"जेवण नंतर."

सुयोगला काही उमगेना. म्हाताऱ्याच्या शब्दाखातर तो कामाला लागला खरा, पण ग्राइंडरचा पहिला कर्र आवाज झाला, ठिणग्या उडाल्या, आणि बाजारातली माणसं काय झालं बघायला वळणाकडे येऊ लागली. बाजारचा दिवस, त्यात फुकटचा तमाशा. दहाची पन्नास झाली. सुयोग खालच्या आवाजात म्हणाला, "तात्या, पाया पडतो. करायचंच असेल तर संध्याकाळी लोक गेल्यावर करू. आत्ताच कुठं तुमचं नाव..."

"माझ्या नावाचं मी बघतो. तू दोर धर."

आणि तेवढ्यात गर्दीतून मुरलीशेठ पुढे आले. मागे त्यांचा मुलगा सौरभ, हातात भाजीच्या दोन पिशव्या. शेठच्या डोळ्यांसमोर पहिला नट कापून खाली पडला. दुसरा पडला. बाजूला पेटीतून काढून ठेवलेले बारीक मानेचे चार बोल्ट त्यांना दिसले आणि मग काय विचारता! "तात्या! अहो, देवमाणूस म्हणतात तुम्हाला, आणि हे काय आरंभलंय? या पोरानं एवढं पक्कं काम केलं, ते तोडून परत तेच फुटाणे? वर्षभरात परत पडणार तो! कुणी सांगितलं तुम्हाला हे? किती खाल्लं कंपनीकडून?"

सुयोग दोर सोडून शेठच्या अंगावरच जाणार होता. तात्यांनी हाताने त्याला अडवलं. ग्राइंडर बंद केला.

"बोला शेठ, पोटभर बोलून घ्या," ते म्हणाले. "मग दोन मिनिटं मला द्या."

शेठचा दम संपला होता. तात्यांनी चेहऱ्यावरची धूळ उपरण्याने पुसली आणि ते बोलू लागले. जन्मात कधी भाषण न केलेला माणूस, आवाज बारीक. मागचे लोक पुढे सरकले.

"वर घाटात दरीकडचा कठडा आहे, त्याचा एक नट सैल सापडला तर मला पायताणानं मारा. तिथं गाडी थांबलीच पाहिजे, कारण पलीकडे काही नाही. पण इथं बघा. इथं पलीकडे काय आहे? रान आहे. एखाद्याचा डोळा लागला, ब्रेक गेला, चुकला बिचारा, तर त्याला थांबायला देवानं एवढी मोकळी जागा ठेवलीय. त्याच्या आणि त्या जागेच्या मध्ये मी हा खांब उभा केलाय. मग खांबानं काय करावं? अडून बसावं, की बाजूला व्हावं? हे बारीक मानेचे बोल्ट वाऱ्यानं मोडत नाहीत, वादळानं मोडत नाहीत. बुडाशी गाडी धडकली तरच मोडतात. मोडावेत म्हणूनच घडवलेत ते. खांब पडतो. माणूस रानात जाऊन थांबतो."

कुणीतरी मागून म्हणालं, "हे आधी सांगायचं ना, तात्या."

"सांगायला हवं होतं," तात्या म्हणाले. "नाही सांगितलं. माझ्या या पोरालासुद्धा नाही सांगितलं. कारण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागतं." ते थांबले. मग खांबाकडे बघत म्हणाले, "एकतीस वर्षं झाली. दुसरीकडे, एका अशाच वळणावर मी एक खांब रोवला होता. तेव्हा हे असले बोल्ट मला ठाऊकही नव्हते. असा रोवला, की बस्स! एक शिंपी जीप घेऊन चालला होता, लग्नघरचे कपडे पोचवायला. वळण चुकलं. पलीकडे रानच होतं, भुईमुगाचं. पण मध्ये माझा खांब होता. यशवंत पोरे त्यांचं नाव. जागच्या जागी गेले. मी पोचलो तेव्हा नवे कपडे रस्त्यावर पसरले होते. आणि खांबाला ओरखडा नव्हता. ठेकेदारानं माझी पाठ थोपटली. म्हणाला, मिस्त्री, याला म्हणतात काम. आणि मला, देवाशपथ सांगतो, क्षणभर बरं वाटलं."

दोर धरून उभा असलेला सुयोग खाली मान घालून ऐकत होता. अकरा दिवसांपूर्वीची शाबासकी त्याला आठवली असणार. मुरलीशेठलाही आठवली असेल. पण शेठच ते, असे सहजासहजी हार मानतात होय! आवाज खाली आला होता, तरी ते म्हणाले, "ते सगळं खरं असेल, तात्या. पण तो हरामखोर पळून गेला त्याचं काय? सरकारी खांब पाडून चोरासारखा पळाला!"

आणि तात्या चक्क हसले.

"पळाला ना?" ते म्हणाले. "शेठ, मी दवाखान्यात डोळ्याला पट्टी बांधून पडलो होतो. सुयोगचा फोन आला, तात्या, खांब पडला आणि गाडीवाला पळून गेला. मी एवढा हसायला लागलो की नर्सबाई धावत आल्या. म्हणाल्या, आजोबा, हलू नका, डोळ्याला ताण येईल. आता त्यांना काय सांगू? अहो, पळाला, म्हणजे त्याचे पाय चालत होते! स्टिअरिंग फिरवायला हात होते! यशवंत पोरे पळाले असते, तर मी त्यांच्या मागं हार घेऊन धावलो असतो."

तेव्हा मुरलीशेठच्या मागे भाजीच्या पिशव्या खाली पडल्या. वांगी घरंगळत रस्त्यावर गेली. सौरभ पुढे आला. बावीस-तेवीस वर्षांचा तरणाताठा मुलगा, पण ओठ लहान पोरासारखे हलत होते.

"अप्पा," तो म्हणाला, "गाडी मी मारली होती. म्हैस-बिस काही नव्हती. मित्राच्या लग्नाहून येत होतो, पहाटे. डोळा लागला. जाग आली तेव्हा समोर खांबच. मला वाटलं, संपलं. मग काहीच झालं नाही. काचेसमोर नुसती ज्वारी."

शेठ त्याच्याकडे बघत राहिले. गावाने मुरलीशेठना कधी निःशब्द पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं. त्यांचा हात वर उठला. लोकांना वाटलं, आता पोराच्या कानाखाली बसते. पण त्या हाताने त्यांनी सौरभचा खांदा धरला, दंड चाचपला, मान चाचपली, जणू हाडं जागेवर आहेत ना ते बघत होते.

"लागलं होतं का रे कुठं?" त्यांनी विचारलं.

"खांदा दुखत होता चार दिवस."

"मग सांगायचं नाही मला?"

"कसं सांगणार? तुम्ही म्हशीवरच एवढे चिडला होतात."

दोघं-चौघं हसले, आणि शेठच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भर बाजारात, पन्नास माणसांत, पंचावन्न वर्षांचा व्यापारी रडला. आणि मला विचाराल तर त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. डोळे पुसून ते तात्यांकडे वळले. "तात्या, ते बारीक मानेचेच बसवा. आणि हे उरलेले दोन नट कापताय ना, ते माझ्यासमोर कापा. मी बघतो."

नट कापले गेले. खालच्या बोल्टांचे आटे साफ झाले, नवे बोल्ट बसले, खांब पुन्हा उभा राहिला. लोक बाजाराकडे परतले. वळणावर तात्या आणि सुयोग दोघंच उरले. तात्यांनी डबा उघडला, भाकरी मोडली, अर्धी सुयोगपुढे केली. सुयोगने घेतली नाही.

"अकरा दिवस, तात्या," तो म्हणाला. "या अकरा दिवसांत सौरभ परत असाच आला असता तर?"

"नाही आला."

"दुसरं कुणी आलं असतं तर? मी खांब बसवून घरी जाऊन झोपलो. समाधानानं झोपलो, तात्या!"

"मीही झोपलो होतो," तात्या म्हणाले. "यशवंत पोरे जाईपर्यंत."

मग सुयोगच्या मनात साठलेलं बाहेर आलं. "मग मला का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं तुम्हाला. मान बारीक का, म्हणून. एका शब्दानं सांगितलं असतं, तर मी मेलो असतो पण वेल्डिंग मारलं नसतं."

शिष्याने गुरूला असा जाब विचारावा की नाही, यावर आमच्यासारखे मास्तर तासभर बोलू शकतात. तात्यांनी तसलं काही मनातही आणलं नाही. ते म्हणाले, "तुझ्या डोळ्यांत मी मोठा होतो रे. तिथून खाली यायची लाज वाटली. एकतीस वर्षं मी लोकांना नट आवळायला शिकवलं, आणि जे शिकवायला हवं होतं ते पोटात ठेवलं. तू जे केलंस ते माझ्या नावासाठी केलंस. मी गप्प बसलो, तेही माझ्या नावासाठीच. तेव्हा या वेल्डिंगमध्ये दोघांचा हात आहे. आता खा."

सुयोगने भाकरी घेतली. तात्या मायेनं म्हणाले, "यशवंत पोरेंचं नाव आज पहिल्यांदा तोंडानं घेतलं. तू लक्षात ठेव. माझ्यामागं कुणीतरी ठेवायला हवं."

त्याला आता बरीच वर्षं झाली. तात्या गेले. कारवंडीच्या वळणावरचा तो खांब मधल्या काळात आणखी दोनदा पडला. दोन्ही वेळा मुरलीशेठ सकाळी सकाळी बाजारात खुशीत सांगत फिरले, "पडला बरं का आपला खांब! माणूस चालत घरी गेला!" नवखा कुणी विचारतो, हे काम कुणाचं? शेठ छाती काढून सांगतात, केरूतात्यांचं.

सुयोग आता स्वतः मिस्त्री आहे, हाताखाली माणसं आहेत. नवीन माणूस आला की तो त्याला हत्यार देत नाही. आधी समोर बसवतो आणि यशवंत पोरे कोण होते ते सांगतो. अकरा दिवसांची स्वतःची गोष्टही सांगतो, काही न लपवता. त्यानंतर नट आवळायला शिकवतो.

आम्हा मास्तरांना तात्पर्य सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून एवढंच सांगतो. आपलं माणूस चुकून भरधाव आपल्यावर येऊन आदळतं तेव्हा आपल्या पलीकडे दरी आहे की रान आहे, ते आधी बघावं; दरी असेल तर जीव गेला तरी हलू नये, आणि रान असेल तर खुशाल मोडून पडावं.